टिचकीचा उजवा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा. माझ्या जोडीचा डावा कुणी कधी शिवलाच नाही, तेव्हा मित्रांनो, 'जोडीदार कुठे हरवला?' असे मला विचारू नका. मी जन्मापासून एकटाच आहे. आज माझा अंगठा उंदराने कुरतडला आहे, तळव्याचे कातडे झिजून गुळगुळीत झाले आहे आणि मनगटावरच्या दोन बकलांपैकी एक गंजून तुटले आहे. पण मला बघून नाक मुरडण्याआधी थोडे ऐका. मी माणसांची हाडे मोडताना ऐकली आहेत. भरदिवसा एक चौकी जमीनदोस्त होताना पाहिली आहे. आणि ज्या माणसाने मला शिवले त्याचाच हात चिरडला गेला, तेव्हा मी तिथेच, हातभर अंतरावर लटकत होतो.

माझा जन्म चामड्याच्या एका दुकानात झाला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर कमरेचे पट्टे टांगलेले, कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या बॅगांचा ढीग आणि मधोमध एक बुटके लाकडी बाक. बाकावर कातडे कापायची रापी, भोके पाडायची आरी, मेणाचा गोळा आणि जाड दोऱ्याची रिळे. त्या बाकाशी बसणारा माणूस मोठा कसबी होता. मी त्याला मामा म्हणतो, कारण माझी मालकीण त्याला मामा म्हणायची.

ती सहा वर्षांची असताना त्या घरात आली. आई नुकतीच गेली होती आणि बाप तुरुंगात होता. पहिल्या आठवड्यात तिने चार पेले, खिडकीची काच आणि जिन्याची एक पायरी फोडली. मुद्दाम नाही हो! तिच्या उजव्या तळहातात एक विलक्षण थरथर होती. त्या हाताने ती जे घट्ट धरी, ते आतल्या आत हादरून तडकत असे. नुसती टिचकी मारली तरी मडक्याचे दोन तुकडे व्हायचे. म्हणून मामीने हसत हसत तिचे नाव टिचकी ठेवले. ते हसू फार दिवस टिकले नाही. आठव्या दिवशी रस्ता ओलांडताना एक ट्रक अंगावर आल्यासारखा वाटला, टिचकी घाबरली आणि तिने मामीचा हात आवळला. मामीच्या मनगटाचे हाड मोडले. पण मामी ओरडली नाही. ओठ दाबून तिने रस्ता ओलांडला, पोरीला फुटपाथवर नीट बसवले आणि मगच ती रडली.

त्याच दुपारी मामाने दुकानाचे दार लावले आणि मला शिवायला घेतले. बाहेरून दुहेरी कातडे, आत मेंढीच्या लोकरीचे जाड अस्तर आणि दोन्हींच्या मध्ये भुशाची पातळ गादी. थरथर आतच जिरावी, अशी त्याची योजना होती. ती कामी आली. मला चढवून टिचकीने काचेचा पेला उचलला, पाणी प्यायली आणि पेला परत ठेवला. पेला अखंड! मामाने तोंड फिरवून डोळे पुसले. मला वाटले, आपण भलतेच भाग्यवान. इतक्या प्रेमाने शिवलेला हातमोजा दुसरा नसेल. प्रेमाखेरीज त्या टाक्यांत आणखी काय होते, ते कळायला मला अकरा वर्षे लागली.

हात वाढतो, मित्रांनो. कातडे वाढत नाही. म्हणून दर वर्षी मामा माझी शिवण उसवायचा, बोटांच्या मध्ये कातड्याच्या नव्या पट्ट्या घालायचा आणि मला पुन्हा शिवायचा. अशा रीतीने मी तिच्याबरोबर वाढलो. शेजाऱ्यांना सांगितले होते की पोरीचा हात भाजलेला आहे. खरे सांगायची सोय नव्हती. टिचकीसारख्या माणसांना त्या मुलखात 'बिघडलेले' म्हणत, जणू ती माणसे नसून घड्याळेच! त्यांना पकडण्यासाठी करड्या गणवेशाचे एक पथक होते. पथकाने नेलेला माणूस सहसा परत येत नसे.

टिचकीचा बापही बिघडलेला होता. त्याची थरथर पायात होती. त्याने पाय आपटला की जमीन हादरायची. एका सकाळी पथक त्यांच्या घरावर चालून आले. मारामारी झाली, घराची भिंत कोसळली, आई तिच्याखाली गेली. बापाला बेड्या पडल्या. टिचकी टेबलाखाली जिवंत सापडली. तिला ठाऊक होते ते एवढेच. आणि एक गोष्ट शेजारपाजारच्या कुजबुजीतून कळली होती, की पथक आपणहून आले नव्हते. कुणीतरी खबर दिली होती.

ती नऊ वर्षांची असताना मामा माझी शिवण उसवत होता. टिचकी समोर बसून उघड्या हाताने अक्रोड फोडत होती. म्हणजे मुठीत घेत होती, एवढेच.

"मामा, ज्यानं आमच्या घरची खबर दिली ना, तो मला सापडणार बघ एक दिवस."

"मग काय करशील?" मामाने मान वर न करता विचारले.

"त्याचा हात हातात घेईन. एकदाच."

मामाची आरी सटकली आणि अंगठ्यात घुसली. "लागलं का रे तुला?" म्हणत ती धावली. मामा म्हणाला, "काही नाही गं, म्हातारा व्हायला लागलोय." तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता.

टिचकी सोळाव्या वर्षी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत कामाला लागली. तिथे फरशा निघत. पहार, छिन्नी आणि घण घेऊन माणसे दिवसभर खडकाशी झुंजत. टिचकी मात्र खडकाच्या आडोशाला जाई, मला काढून दातांत धरी, खडकावर तळहात टेकवी आणि डोळे मिटी. आतून 'कट्ट' असा आवाज येई. मग ती मला चढवी आणि छिन्नीचा एक फटका दिल्यासारखे करी. दगड दुभंगलेला! खाणीचा मुकादम सगळ्यांना सांगे, "या पोरीच्या छिन्नीला काय धार आहे! शिका जरा." तिच्या छिन्नीने लोणीसुद्धा कापले नसते, ते मला ठाऊक होते. ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. रात्री मामी मला तेलाचे बोट फिरवी आणि खुंटीला टांगी.

वर्षभराने, एका दुपारी, साखळी तुटून एक भला मोठा ठोकळा उतारावरून घसरला. सगळे पळाले. मुकादमाचा पाय अडकला आणि ठोकळा त्याच्या मांडीवर येऊन थांबला. तो असा काही किंचाळला की माझे टाके शहारले. चौघांनी पहारी लावल्या, दगड हलेना. रक्त धुळीत मिसळून काळे होत होते. टिचकीने चारही बाजूंना पाहिले. चाळीस माणसे बघत होती. तिने माझी दोन्ही बकले सोडली, मला फेकले आणि उघडा हात दगडावर ठेवला. ठोकळ्याचे सात तुकडे झाले. मुकादम वाचला. पाय गेला, पण जीव वाचला.

चाळीस माणसांनी शपथ घेतली की कुठे बोलणार नाही. आता चाळीस माणसांच्या पोटात गोष्ट किती दिवस राहणार? चौथ्या दिवशी, माणसे जेवायला गेली असताना, खाणीत एक अनोळखी माणूस आला. उंच, हडकुळा, केस कापून डोक्याला खपल्या धरलेल्या. पायात बेड्यांचे वळ. तो चालत आला तेव्हा खडी किणकिणत होती.

"आईसारखी दिसतेस," तो म्हणाला.

टिचकीच्या हातातला डबा खाली पडला. तुरुंगाची भिंत पाडून तो दहा दिवसांपूर्वी सुटला होता आणि खाणीतल्या पोरीची बातमी ऐकून आला होता. तिने त्याला नमस्कार केला नाही, मिठीही मारली नाही. त्याने तिचा उजवा हात उचलला आणि मला पाहून त्याचा चेहरा कडवट झाला.

"हे काय चढवलंय? घोड्याला लगाम घालतात तसं?" त्याने मला ओढून काढले आणि धुळीत भिरकावले. "अकरा वर्षं मी एकच विचार केला. खबर कुणी दिली? तू नाही केलास?"

"रोज केला."

"मग ऐक. ज्यानं हा मोजा शिवला, त्यानं."

टिचकी हसली. खरेच हसली. "बाबा, तुमचं डोकं फिरलंय. मामा मुंगीवर पाय देत नाही."

"तुरुंगातल्या पहारेकऱ्यानं सांगितलंय मला. पण माझं ऐकू नकोस. पथकाच्या चौकीतल्या साहेबाला विचार. त्यानंच आणलं होतं पथक. त्याच्या हातात हात घालून विचार, म्हणजे खोटं बोलणार नाही."

तिने मला उचलले, झटकले आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवले. हातावर चढवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते दोघे चौकीसमोर उभे राहिले. लपणे नाही, छपणे नाही. टिचकीने लोखंडी फाटकाचा गज धरला. बिजागऱ्यांतून गंज उडाला आणि फाटक खडखडत आडवे झाले. शिट्ट्या वाजल्या, करडे गणवेश धावत आले. बापाने पाय आपटला. अंगणातल्या फरशा लाटेसारख्या उठल्या आणि आठ-दहा शिपाई त्यांच्याबरोबर उडाले. कुणाचे डोके कठड्यावर आपटले, कुणी स्वतःच्याच बंदुकीवर पडला. गोळी सुटली आणि माझ्यापासून दोन बोटांवरून निघून गेली. एका तरुण शिपायाने मागून टिचकीचा गळा आवळला. तिने त्याचा हात धरला. काठी मोडावी तसा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला आणि लोंबणाऱ्या हाताकडे बघत आईला हाका मारू लागला.

मी पट्ट्याला होतो, तिच्या पोटाला चिकटून. तिचा श्वास मला कळत होता. तो अगदी शांत होता, मित्रांनो. मला बाकी कशाहीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

आतल्या खोलीत साहेब सापडला. अकरा वर्षे टिचकीने त्याला मनात राक्षसाएवढा करून ठेवले होते. समोर होता तो पिकल्या केसांचा, ढगळ पट्ट्याचा म्हातारा. दोन महिन्यांनी निवृत्त होणारा. तो टेबलाखाली लपला होता, पण चप्पल बाहेर दिसत होती. टिचकीने त्याला ओढून बाहेर काढले आणि त्याची करंगळी चिमटीत धरली.

"आमच्या घरची खबर कुणी दिली?"

"मला आठवत नाही..."

करंगळी मोडली. साहेब कळवळला.

"तुझ्या आईचा भाऊ! तुझा मामा! लेखी दिलं होतं त्यानं, या हातानं घेतलं मी!"

टिचकीने करंगळी सोडली. साहेब हुंदके देत तिच्याकडे बघत होता. "पण पोरी, ती भिंत आम्ही नाही..."

त्याचे वाक्य पुरे झाले नाही. दारातून बापाने पाय आपटला. छताची तुळई मधोमध मोडली आणि टेबल, कपाट, साहेब, सगळे विटांच्या ढिगाखाली गेले. धूळ खाली बसेपर्यंत आत काहीही हलत नव्हते.

"का मारलंत?" टिचकी खोकत म्हणाली. "तो काहीतरी सांगत होता."

"सांगायचं ते सांगून झालं होतं," बाप म्हणाला. "चल."

दुकानात मामा एका शाळेच्या दप्तराला बंद शिवत होता. दारात दोघांना पाहिले, त्यांच्या कपड्यांवरची धूळ आणि रक्त पाहिले, आणि त्याने सुई मेणाच्या गोळ्यात खोचून ठेवली. त्याला सगळे कळले. मामी आतल्या दारात येऊन थबकली.

टिचकी त्याला लहानपणापासून अरेतुरे करायची. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाली, "तुम्ही खबर दिलीत?"

मी मामाचा चेहरा पाहत होतो. त्या 'तुम्ही'ने त्याला जेवढे लागले, तेवढे पुढे जे झाले त्यानेही लागले नसेल.

"हो," तो म्हणाला.

"का?"

"तुझी आई यायची माझ्याकडे. कधी खांदा निखळलेला, कधी कानातून रक्त येत असलेलं. हा चिडला की पाय आपटायचा आणि घर हलायचं. मी म्हटलं, याला नेलं तर माझी बहीण सुटेल, तू सुटशील. पथकानं शब्द दिला होता, फक्त त्याला नेऊ. मी विश्वास ठेवला." त्याने खाली पाहिले. "माझी बहीण मी मारली, टिचकी. मोजा शिवून काही ते फिटत नाही."

"अकरा वर्षं मला जेवू घातलंत. एक दिवस सांगितलं नाहीत!"

"रोज सांगणार होतो गं. रोज."

बाप दारातून म्हणाला, "बोलणं पुरे. हात घे त्याचा."

मामाने आपणहून उजवा हात बाकावर ठेवला. आरीचे जुने व्रण, मेणाने पिवळी झालेली नखे, बोटांना दोऱ्याचे काप. माझा एकेक टाका त्याच हाताने घातलेला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. टिचकीने त्याच्या हातात हात घातला. क्षणभर मला वाटले, ती सोडेल. तिचा हात थरथरत होता, पण ती थरथर नेहमीची नव्हती. कुठल्याही घाबरलेल्या पोरीची होती.

आणि तिने मूठ आवळली. एकदाच.

त्या आवाजाचे वर्णन मी करणार नाही. मामा ओरडला नाही. बाकावर आडवा झाला आणि त्याचे ओठ पांढरे पडले. ओरडली ती मामी. ती आतल्या दारातून धावत आली, टिचकीला ढकलून मामाला सावरले आणि बापाकडे वळली.

"झालं समाधान? आता तू सांग हिला! भिंत कुणी पाडली सांग! पथकाकडे काठ्या आणि बंदुका होत्या. काठ्यांनी भिंत पडते?"

"तोंड बंद कर," बाप म्हणाला.

"बायको मागं उभी होती याच्या, शेजाऱ्यांनी पाहिलंय. मागं! आणि यानं..."

बापाने पाय आपटला.

खोली वर उचलली गेल्यासारखी झाली. पट्टे भिंतीवरून उडाले, माळ्याचे आडवे लाकूड सुटले आणि मामीच्या पाठीवर पडले. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत तडा गेला. टिचकी ती पडणारी माती बघत होती. सहा वर्षांची असताना टेबलाखालून जे अर्धवट दिसले होते, ते आता सतराव्या वर्षी तिला पुरते दिसले.

"बाबा," ती म्हणाली, "भिंत तुम्ही..."

तो ऐकत नव्हता. त्याचे डोळे बाकावर पडलेल्या मामावर होते आणि त्याने पुन्हा पाय उचलला होता. तो खाली आला असता तर ते घर, ती माणसे, सगळे संपले असते. टिचकीने झेप घेतली, उचललेला गुडघा दोन्ही हातांनी पकडला आणि उजवी मूठ आवळली. गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला. चौकी पाडणारा तो माणूस एखाद्या पोत्यासारखा कोसळला आणि लहान मुलासारखा विव्हळू लागला.

तिने मागे वळून लाकडावर हात ठेवला. लाकूड उभे चिरत गेले, दोन फाळके बाजूला पडले. मामी खाली कण्हत होती. हात पुढे करत होती. टिचकीने तो हात धरायला आपला हात नेला आणि अर्ध्यावर थांबवला. मग घाईघाईने मला पट्ट्यावरून ओढले, हातावर चढवले, दातांनी बकल आवळले आणि मगच मामीचा हात धरून तिला बाहेर काढले. त्या दिवशी मी एवढेच काम केले. पण ते केल्याबद्दल मला अजून अभिमान वाटतो.

बाहेर पथकाच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले. चौकीचा सूड घ्यायला ते येत होते.

"मागच्या दारानं पळ," मामी म्हणाली. "आमचं बघू आम्ही."

टिचकी दोन पावले गेली आणि परत आली. बाप जमिनीवर पडला होता. त्याला पळता येणार नव्हते आणि पथकाने त्याला जागच्या जागी मारले असते.

"त्याला असू दे!" मामी म्हणाली. "तुझ्या आईला मारलं त्यानं!"

"माहितीये." तिने खाली बसून बापाला पाठीवर घेतले. "माणसं पथकाला सोपवायची, हे आपल्या घरात एकदा झालं. पुरे."

मामाकडे तिने पाहिले नाही. मामा मात्र तिच्याकडे पाहत होता.

दिवस कलताना आम्ही खाणीतल्या अरुंद वाटेवर पोहोचलो. पाठीवर तो माणूस, मागे गाड्या. पहिली गाडी वळणावर दिसली तेव्हा टिचकीने मला काढले आणि कड्याला हात लावला. तिने घाई केली नाही. गाडी ब्रेक लावून थांबली, आतली माणसे उड्या मारून मागे पळाली, तोपर्यंत ती थांबली. मग कडा खाली आला. गाडी पत्र्याच्या डब्यासारखी चेपली. वाट कायमची बंद झाली.

डोंगरापलीकडे दुसरा मुलूख होता. तिथे बिघडलेल्यांना पकडायचा कायदा नव्हता. तिथल्या इस्पितळात बापाचा पाय मांडीपासून आखडलेला राहिला. तीन महिने टिचकीने त्याला डाव्या हाताने भरवले. एका दुपारी चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "आता सांगा."

तो छताकडे बघत म्हणाला, "ते दारात आले. मला राग आला. मी पाय आपटला. ती माझ्या मागं होती, मी बघितलं नाही."

"बघितलं नाहीत."

"नाही."

"आणि अकरा वर्षं खबर देणाऱ्याला शोधत बसलात."

तो रडला. तिने त्याला रडू दिले, तोंड पुसले आणि उरलेले जेवण भरवले. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला जाऊ लागली. पडलेल्या इमारतींखालून, ढासळलेल्या बोगद्यांतून माणसे काढणारी एक तुकडी होती. त्या तुकडीला असा हात हवाच होता. त्या कामात माझे कातडे झिजले, पण किती माणसांना धरून मी वर ओढले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. वर्तमानपत्रांत फोटो छापून यायचे ते तिचे. कधी कधी कोपऱ्यात मीही दिसायचो.

मामीचे पत्र यायला वर्ष लागले. त्यात लिहिले होते की पथक घरात शिरले तेव्हा मामा शुद्धीवर होता. पोरगी कुठे गेली, असे त्यांनी विचारले. तो बोलला नाही. त्यांनी त्याचा मोडलेला हात पिरगाळला. तो बोलला नाही. त्याच्या चार बरगड्या मोडल्या, पुढचे दात पडले आणि शेवटी त्याला तुरुंगात टाकले. टिचकीने पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि माझ्या आत सारून ठेवले.

चार वर्षांनी तो कायदा रद्द झाला, पथक बरखास्त झाले आणि तुरुंगांची दारे उघडली. टिचकी सकाळीच फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मी हातावर होतो. मामा बाहेर आला. पुरता म्हातारा झालेला, कपड्यांचे गाठोडे डाव्या काखेत, उजवा हात वाळल्या पानासारखा छातीशी. तिला पाहून तो जागीच थांबला. जवळ यावे की नाही, हे त्याला कळेना. तिलाही कळेना.

शेवटी तीच म्हणाली, "हात दुखतो का तुझा?"

"थंडीत दुखतो."

"दुखू दे," ती म्हणाली. मग तिने त्याच्या काखेतले गाठोडे घेतले आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली. तो मागोमाग आला. बस येईपर्यंत दोघे एका बाकावर बसले होते. मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती.

तिने त्याला माफ केले का? मला ठाऊक नाही. बापाला केले का? तेही ठाऊक नाही. ती दर महिन्याला बापाला भेटते, वर्षातून दोनदा मामा-मामीकडे जाते आणि दोघांच्याही गोष्टी एकमेकांना सांगत नाही.

आता तुकडीने तिला नवा हातमोजा दिला आहे. हलका आणि धुता येणारा. मी तिच्या खोलीत दारामागे असतो. तेल लावायचे राहून जाते, म्हणून मी कडक होत चाललो आहे. माझी तक्रार नाही. तुमच्या घरात असे कुणी जुने कामकरी पडून असेल, तर मात्र त्याला कधी तरी तेलाचे बोट लावा, उन्हात ठेवा, विचारपूस करा.

आणि मित्रांनो, दुसरी विनंती त्याहून मोठी आहे. राग तुम्हाला येणारच. कधी तो खराही असेल. तेव्हा हात उगारण्याआधी, पाय आपटण्याआधी, एकदा मान वळवा. आपल्या मागे कोण उभे आहे, तेवढे बघून घ्या.